छड्याचा छडा

१

टुकूपिशी जन्मात पहिल्यांदा कशात तरी पहिली आली, आणि दोनच दिवसांत चोर ठरली.

चोर ठरवणारी वस्तू बोटाएवढी होती. बकुलतला लेनच्या दुर्गापूजा-क्लबाबाहेर एक लाल पत्रपेटी टांगलेली आहे. तिच्यात वर्गणीच्या तक्रारी सोडून सहसा काही पडत नाही. मंगळवारी सकाळी सेक्रेटरी शर्वाणीबौदींनी, म्हणजे गल्लीच्या वहिनींनी, पेटी उघडली, तर आत एक पेनड्राइव्ह. त्यांनी तो क्लबाच्या कॉम्प्युटरला लावला, दोन ओळी वाचल्या आणि अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या घरात मुलाला भात भरवणारी मधुजा त्याला काखोटीला मारून तशीच धावत आली. पुपुनच्या गालावर शीत, तिच्या हाताला डाळ.

"काय झालं बौदी? विंचू निघाला?"

"विंचू परवडला गं. वाच."

पेनड्राइव्हवर दोन फायली होत्या. पहिलीत एक निनावी चिठ्ठी:

'शारदीय अंकाच्या पहिल्या पानावर जो छडा येणार आहे, तो चोरीचा आहे. मूळ छडा प्रणवेश दत्तगुप्त यांनी परदेशातल्या पूजेच्या अंकासाठी लिहिला. मूळ फाईल सोबत आहे. तारीख पाहावी. — एक शुभचिंतक.'

छडा म्हणजे बांगलातलं बडबडगीत. पोरांनी टाळ्या पिटत म्हणायचं, म्हाताऱ्यांनी ऐकून खुदखुदायचं. बकुलतला लेनच्या शारदीय अंकात दरवर्षी छड्यांची स्पर्धा असते आणि पहिल्या येणाऱ्याला पहिलं पान मिळतं. दुसऱ्या फाईलमध्ये टुकूपिशीचाच छडा होता, अक्षरन् अक्षर:

'हठात् गेली विद्युत् आणि हठात् गेला मासा;
मनी म्हणे, माझा बाई आज उपास खासा!'

खाली प्रणवेश दत्तगुप्त हे गल्लीत कुणी कधी न ऐकलेलं नाव. आणि फाईलवर तारीख होती सप्टेंबर २००३ ची.

तोवर अंकाचे संपादक हिरण्मय मास्तरमोशाय आले. बकुलतला लेनमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शाळेत बांगला शिकवलेली. त्यांनी चष्मा पुसला, तारीख बघितली, पुन्हा चष्मा पुसला.

"फार वाईट झालं," ते हळूच म्हणाले. "माझा विश्वास बसत नाही. पण पुरावा तो पुरावा. छापखान्याला संध्याकाळी पानं द्यायची आहेत. तोवर खुलासा झाला नाही, तर छडा काढावा लागेल."

"मग मलाही काढा की," दारातून आवाज आला.

टुकूपिशी, सगळ्या गल्लीची पिशी म्हणजे आत्या, उभी होती. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून डोकावणारी पुईची भाजी. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"आसनसोलहून भाऊ कधीचा बोलावतोय. म्हटलं, पूजा इथेच करू. आता चोराने कसली पूजा करायची! संध्याकाळच्या गाडीने जाते मी." आणि मग पुपुनच्या गालावरचं शीत टिपून म्हणाली, "तुला कोण रे भरवणार आता?"

२

खरं म्हणजे तो प्रश्न मधुजाचाही होता.

पुपुन झाल्यापासून ती घरीच होती. नवरा हल्दियाला, शनिवारी उगवणारा. येत्या सोमवारी ती पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. आठवडाभर तिला स्वप्नं पडत होती ती गिळलेल्या बटणांची, उघड्या जिन्यांची आणि तापमापकांची. या सगळ्या भीतीवर एकच उतारा होता, तो म्हणजे टुकूपिशी. शेजारी राहणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, एकटी, आणि पुपुन जिच्या मांडीवर रडायचंच विसरतो अशी. ती गेली तर नोकरीही गेलीच म्हणायची. पण ते मधुजाला मागाहून सुचलं. आधी आठवला तो दारातला पिशीचा चेहरा.

ती पिशीच्या घरी गेली तेव्हा पलंगावर ट्रंक उघडी पडली होती.

"पिशी, तुम्ही तो छडा माझ्यासमोर रचलात. मी बटाटे सोलत होते, तुम्ही त्या मांजरीला शिव्या घालत होतात."

"तू माझ्या बाजूची. तुझं कोण ऐकणार?" पिशी साडीची घडी घालत म्हणाली. "पुपुनला दे इकडे. चिडचिड करतोय बघ."

पुपुनला मांडीवर घेऊन तिने नेहमीचा सूर लावला:

'ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! कोण बोलतंय? लाईन जरा धरा,
आसनसोलचा हत्ती म्हणतो, नंबर माझा खरा!'

पुपुन गुळाच्या ढेपेसारखा निवांत झाला.

"हा छडा आपल्याच अंकातला ना?" मधुजाने विचारलं. "मास्तरमोशाय आजोबा होऊन 'दादूची पोतडी' हे सदर लिहितात, त्यात वाचल्यासारखा वाटतो."

"असेल," पिशी म्हणाली आणि आधीच घडी घातलेल्या साडीची पुन्हा घडी घालू लागली.

मधुजाने ते पाहिलं. आई झाल्यापासून तिची नजर अशी झाली होती, की कुणाची मूठ मिटलेली दिसली तरी आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे. पण त्या क्षणी त्या मुठीत काय असेल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

पिशीने कागदावर लिहिलेला छडा मधुजानेच टाईप केला होता. तो तिने फक्त तिघा परीक्षकांना पाठवला होता: मास्तरमोशाय, शर्वाणीबौदी आणि मिठाईवाले पटलदा. चौथ्या कुणाच्या हाती तो अजून पडलाच नव्हता.

म्हणजे शुभचिंतक या तिघांतलाच एक होता.

३

पटलदा रसगुल्ल्यांच्या कढईपाशी घामाघूम उभे होते. ते दरवर्षी स्वतः छडा पाठवत आणि पहिलं पान बहुतेक वेळा त्यांचंच असे. ते स्वतःच परीक्षकही होते, याकडे सगळे प्रेमाने काणाडोळा करीत.

"ये बौमा, ये सूनबाई! बाळाला काय देऊ, संदेश?"

"नको नको, दात नाहीत त्याला. घशात अडकेल." मधुजाने पुपुनला अंमळ मागे ओढलं. "पटलदा, रागावू नका. पिशीमुळे तुमचं पहिलं पान गेलं. वाईट वाटलं?"

"वाईट? अगं, जीव जळला!" पटलदांनी झारा आपटला. "पण तो उपाशी मांजरीचा छडा वाचला आणि असा हसलो, असा हसलो, की पाक उतू गेला. मग काय करणार? मत दिलं तिला."

"तुम्ही पिशीला मत दिलंत? स्वतःला सोडून?"

"कुणाला सांगू नकोस. बायकोला कळलं तर म्हणेल, धंद्यातही असंच करता."

शर्वाणीबौदी गच्चीवर डाळीच्या बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घालत होत्या. त्यांचं आणि पिशीचं भांडण सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. पिशीची मांजर येऊन बड्यांवर झोपे.

"माझ्यावर संशय घेतेस?" बौदी कडाडल्या. "मला तिला चोर म्हणायचं असतं, तर या गच्चीवरून म्हटलं असतं, बागबाजारपर्यंत ऐकू जाईल असं. नाव लपवायला मला वेळ कुठाय? आणि मत मीही तिलाच दिलं. त्या छड्यातली मांजर चोर आहे, हे तिने स्वतःच लिहून दिलंय ना!"

उरले मास्तरमोशाय. ते क्लबात कॉम्प्युटरपाशी बसून अंकाचं संपादकीय लिहीत होते. एका बोटाने, शाईच्या दौतीत टाक बुडवावा तसं प्रत्येक कळेवर थांबत.

"बस, बौमा. हा मुलगा कळफलकाला हात लावणार नाही ना?"

"धरलाय मी त्याला. मास्तरमोशाय, तुम्ही पण पिशींना मत दिलंत?"

"माझं मत पटलला होतं. चव आपली आपली." ते हसले. "पण म्हणून मी तिचा वैरी नाही हं. उलट मीच तिची बाजू घेणार होतो. काय करू, तारीख आडवी आली."

मधुजा पडद्याकडे बघत होती. मास्तरांनी 'छडा' हा शब्द लिहायला घेतला. बांगला छड्यातल्या ड च्या पोटाखाली एक टिंब असतं. मास्तरांनी आधी ड उमटवला, मग दुसरी कळ शोधून त्याखाली टिंब दिलं.

"टिंबासकट तयार ड असतो की कळफलकावर," ती म्हणाली. "एकाच कळेत."

"तयार?" मास्तर दुखावल्यासारखे झाले. "टिंब काय बाजारातून तयार आणायची वस्तू आहे? आधी अक्षर, मग टिंब. पाटीवर असंच शिकवलं मी चाळीस वर्षं. खंड-त विसरला, तर अर्धा गुण कापायचो. तुझ्या नवऱ्याला विचार."

मधुजाने नवऱ्याच्या वतीने हसून घेतलं, बौदींकडून पेनड्राइव्ह मागून घेतला आणि घरी आली. तिघांनी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तरं दिली होती. तिघांत एक जण खोटं बोलत होता आणि गाडी संध्याकाळची होती.

४

पुपुनला मांडीवर बसवून तिने लॅपटॉप उघडला. पुन्हा पुन्हा चिठ्ठी वाचून तिला काही सुचेना. एक गंमत मात्र झाली. चिठ्ठी लांब नव्हती, तरी सवयीने तिने शोधाच्या चौकटीत 'छडा' टाईप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, असा शब्द इथे नाही.

"नाही कसा? हा काय समोर!"

शब्द डोळ्यांना दिसत होता आणि कॉम्प्युटरला दिसत नव्हता. तिने त्या शब्दाच्या शेवटी टिचकी मारली. ती आणखी काही करणार एवढ्यात पुपुनला संधी मिळाली. आईचा हात सुटताच त्याने पंजा उचलला आणि बॅकस्पेसच्या कळेवर थाडकन आपटला.

काना गेला.

"पुपुन, नको!"

थाड!

टिंब गेलं. नुसतं टिंब. ड जागेवर उभा, पोटाखालचं काहीतरी हरवल्यासारखा.

मधुजाने मुलाचा हात हवेतच पकडला आणि तशीच बसून राहिली. मग तिने आपल्या कळफलकावरचा तयार ड वापरून 'छडा' लिहिलं आणि पुपुनचा पंजा सोडला. त्याने आनंदाने दोनदा आपटला. पहिल्या थापेला काना गेला, दुसरीला अख्खा ड टिंबासकट नाहीसा झाला.

नोकरीत तिचं कामच हे होतं. जुन्या बांगला मजकुराची साफसफाई करायची, म्हणजे शोधणाऱ्याला शब्द सापडतील. कॉम्प्युटरच्या पोटात अक्षर नसतं, त्याचा क्रमांक असतो. टिंबाच्या ड ला तिथे दोन रस्ते आहेत. टिंबासकट एकच क्रमांक, नाहीतर ड चा एक आणि टिंबाचा वेगळा. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ, कॉम्प्युटरला मात्र अनोळखी माणसं.

आता तिला राहवेना. तिने दुसरी फाईल उघडली, प्रणवेश दत्तगुप्तांची, २००३ सालची. पहिला शब्द होता 'हठात्', म्हणजे बांगलात 'एकदम'. त्याच्या शेवटी तो पाय मोडलेला त. बांगलात त्याला स्वतंत्र रूप आहे, मांजरीने शेपूट वळवावं तसं: ৎ. हाच मास्तरांचा खंड-त.

तिने त्याच्यापुढे टिचकी मारली, पुपुनचा पंजा हातात धरला आणि फक्त एकदा कळ दाबली.

खंड-त अख्खाच्या अख्खा गेला.

मधुजा इतक्या मोठ्याने हसली की पुपुन दचकून तिच्याकडे बघू लागला.

"चल रे, साक्षीदार," ती म्हणाली. "तुझी साक्ष आहे."

५

टुकूपिशीला तिने ट्रंकेसकट क्लबात आणलं. पटलदा हाताला पाक घेऊन आले. बौदी येताना चहाची मातीची भांडी घेऊन आल्या. काही होवो, चहा हवाच. मास्तर खुर्चीत बसले होते. बाहेर मंडपाचे बांबू ठोकले जात होते, म्हणून सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"ही फाईल २००३ ची नाही," मधुजा म्हणाली. "यातला खंड-त त्या वेळी जन्मालाच आला नव्हता."

"वा!" पटलदा म्हणाले. "मग मी शाळेत कशासाठी मार खाल्ला?"

"पाटीवर होता, पटलदा. कॉम्प्युटरच्या पोटात नव्हता. तिथे त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला २००५ साली. त्याआधी तो भाडेकरू होता. साधा त, त्याला पायमोडाची खूण आणि पाठोपाठ एक न दिसणारी जोडखूण, असे तिघे मिळून तो दिसायचा. जुना असता तर बॅकस्पेस मारल्यावर एकेक तुकडा पडला असता. आता बघा." तिने पुपुनला पुढे केलं. थाड! "एका फटक्यात गेला. हा स्वतःच्या घरात राहणारा खंड-त आहे."

"नंतर कुणी दुरुस्त केला असेल," मास्तर म्हणाले.

"मग तारीख दुरुस्तीची पडली असती. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलं की फाईलवर मागची तारीख पडते. ते अवघड नाही. खंड-त ला मागे नेणं अवघड."

टुकूपिशी ट्रंकेवर बसली होती, ती ताठ झाली.

"छडा माझ्या फाईलमधूनच उचललाय," मधुजा पुढे म्हणाली. "आणि ती गेली होती तुम्हा तिघांना. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने स्वतः टाईप केलीय. म्हणून तुम्ही तिघांनी अंकासाठी जे जे पाठवलंत, ते मी आत्ता उघडते."

पटलदांच्या लेखात 'छडा' शब्द होताच. पुपुनने थापा मारल्या आणि टिंबाचा ड अख्खा उडाला. पटलदांनी सुटकेचा श्वास इतका जोरात सोडला की भांड्यातला चहा हलला. बौदींच्या निवेदनातही तसंच.

"बघितलंस? माझा ड भरभक्कम," बौदी म्हणाल्या.

मग तिने संपादकीय उघडलं. पहिल्या थापेला काना गेला, दुसरीला टिंब. ड एकटा उभा राहिला.

चिठ्ठीतल्यासारखाच.

बाहेरचा हातोडाही नेमका त्याच वेळी थांबला.

"एका टिंबावरून?" मास्तर खुर्चीतून पुढे झाले. "असं टिंब देणारी माणसं हजारो असतील."

"असतील, मास्तरमोशाय. पण ज्यांच्या हाती हा छडा होता, त्यांच्यात एकच आहे. तरी मीही हेच म्हटलं, मास्तरमोशाय कशाला करतील? पहिलं पान तुम्हाला कधी नकोच होतं." मधुजाने पिशीकडे पाहिलं. आता ती मूठ तिला उघडी दिसत होती. "मग मला ट्रिंग ट्रिंग आठवलं. लाईन धरा, नंबर खरा. शाळामास्तर असं लिहील का? असं लिहील टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई. 'दादूच्या पोतडी'तले छडे तुमचे नाहीतच. पिशींचं नाव पहिल्या पानावर आलं असतं, तर दोन्हींतला एकच आवाज कुणालाही ऐकू आला असता. म्हणून त्यांना आधीच चोर ठरवलंत."

मास्तरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"संध्याकाळी ओट्यावर बसून ती सहज म्हणायची," ते म्हणाले. "पहिला मी गंमत म्हणून छापला. लोक म्हणाले, मास्तरमोशाय, काय हात आहे तुमचा! मग थांबताच येईना." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "आणि सापडलो कशात, तर खंड-त मध्ये. आता माझाच अर्धा गुण कापा."

"अर्धा?" बौदी उसळल्या. "अख्खं प्रगतिपुस्तक फाडा यांचं!"

"थांब गं," टुकूपिशी म्हणाली.

६

ती उठून मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सगळी नोकरी मी लोकांच्या लाईनी जोडण्यात घालवली, मोशाय. कोण कुणाच्या आवाजात बोलतंय, ते मला कळणार नाही होय? पहिल्या अंकापासून माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीत?" मधुजाने विचारलं.

"पोरं म्हणत होती ना. दारावरून जाताना ऐकू यायचं, ट्रिंग ट्रिंग. बरं वाटायचं. दादूची पोतडी तर दादूची." ती मास्तरांकडे वळली. "पण चोर म्हणालात, ते लागलं हो."

मास्तरांनी खाली मान घालून हात जोडले. शेवटी पटलदांनी विचारलं, "मग शिक्षा काय द्यायची, टुकूदी?"

पिशीने विचार केला.

"पोतडीतला एकूण एक छडा यांनी पुन्हा टाईप करायचा. माझ्या नावाने. माझ्या समोर बसून. आणि टिंब हाताने द्यायचं, तयार चालणार नाही. तयार वापरलं की कापला अर्धा गुण."

पटलदा एवढे हसले की पाकाचा हात बौदींच्या पदराला लागला आणि त्यावरून नवं भांडण सुरू झालं. त्या गडबडीत ट्रंक कुणी उचलून घरी पोचवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पानं वेळेवर छापखान्यात गेली. पहिल्या पानावर उपाशी मांजर आणि खाली नाव, टुकूराणी हालदार.

सोमवारी मधुजा कामावर गेली. ऑफिसात पोचून बॅग ठेवायच्या आधीच तिने पिशीला फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर बटणं, जिने, तापमापक सगळं एका रांगेत उभं राहिलं. मग फोन उचलला गेला. आधी एक ओळखीची थाड ऐकू आली, मागोमाग मास्तरमोशायांचं विव्हळणं, "अरे, पुन्हा गेलं!" आणि पुपुनचं खिदळणं.

"पिशी? काय झालं? पुपुन बरा आहे ना?"

"लाईन जरा धरा," टुकूपिशी खास एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली. "इथे एक टिंब हरवलंय."